दोन हातातले, तीन टेबलावरचे: ओमाहा पोकर शिकताना

पोकरचा टेक्सास होल्डेम हा प्रकार खेळता येणाऱ्या माणसाला ओमाहाचा नियम सांगायला एक वाक्य पुरते. प्रत्येकाला दोनऐवजी चार पत्ते मिळतात, आणि शेवटी पाच पत्त्यांची जुळणी लावताना त्या चारांतले बरोबर दोन आणि टेबलावरच्या पाच सामाईक पत्त्यांतले बरोबर तीन घ्यावे लागतात. एक कमी नाही, एक जास्त नाही. हे वाक्य मला वाचताक्षणी समजले. पण ते समजणे आणि नऊ पत्ते समोर असताना त्याप्रमाणे पाहता येणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या लेखात मला लिहायचे आहे ते दुसऱ्या गोष्टीविषयी.

होल्डेममध्ये हातातले दोन्ही पत्ते वापरता येतात, एकच वापरता येतो, आणि टेबलावरचे पाच पत्तेच सर्वांत चांगले असतील तर हातातला एकही न वापरता चालते. त्यामुळे तिथे खेळाडूचे डोळे सातही पत्ते एकत्र धरतात आणि त्यांतून उत्तम पाच वेचून काढतात. ओमाहामध्ये हीच सवय आड येते. नऊ पत्त्यांचा एक ढीग म्हणून पाहिले की डोळे जिथे फ्लश (एकाच रंगाचे, म्हणजे सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक असे, पाच पत्ते) दाखवतात तिथे तो नसतो, आणि जिथे काहीच नाही असे वाटते तिथे फुल हाउस (तीन एकसारखे आणि एक जोडी) बसलेले असते.

मला हा खेळ शिकवणारे गृहस्थ वयाने वडीलधारे आणि कित्येक वर्षे ओमाहा खेळलेले होते. आम्हा चौघांना शिकवायला घेताना त्यांनी दोन अटी घातल्या. पहिल्या काही बैठकांमध्ये चिप्स, म्हणजे पैशांऐवजी बोलीला लावायच्या चकत्या, लावायच्या नाहीत, आणि पत्ते झाकूनही ठेवायचे नाहीत. चौघांचेही पत्ते उघडे मांडायचे, मध्ये सामाईक पत्ते एकेक करून उलगडायचे आणि प्रत्येक टप्प्यावर प्रत्येकाची जुळणी मोठ्याने सांगायची. "जुळणीचं नाव नंतर सांगा," ते म्हणायचे, "आधी तुमचे दोन पुढे सरकवा, टेबलावरचे तीन खाली ओढा आणि मग बोला." ही पद्धत मला फार मोलाची वाटते. दोन पत्ते प्रत्यक्ष पुढे सरकवावे लागले की तिसरा आपोआप मागे राहतो, आणि मनात कितीही गोंधळ असला तरी हातून नियम मोडला जात नाही.

डावाचा क्रम होल्डेमसारखाच आहे, म्हणून त्यावर आम्ही फारसा वेळ घालवला नाही. डीलर बटणाच्या, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या खुणेच्या, डावीकडचे दोघे लहान आणि मोठा ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधीची सक्तीची बोली, लावतात, प्रत्येकाला चार पत्ते झाकून वाटले जातात, बोलीची पहिली फेरी होते. मग तीन सामाईक पत्त्यांचा फ्लॉप, चौथा टर्न आणि पाचवा रिव्हर असे टप्पे येतात, प्रत्येकानंतर बोलीची एक फेरी असते, आणि त्यांपैकी प्रत्येक टप्प्याच्या आधी गड्डीतला वरचा एक पत्ता न दाखवता बाजूला टाकला जातो. जुळण्यांची उतरंडही नेहमीचीच आहे: स्ट्रेट फ्लश, चार एकसारखे, फुल हाउस, फ्लश, स्ट्रेट (सलग किमतींचे पाच पत्ते), तीन एकसारखे, दोन जोड्या, एक जोडी आणि शेवटी नुसता वरचा पत्ता. नवे जे काही आहे ते सगळे त्या दोन आणि तीनमध्ये आहे.

उघड्या पत्त्यांच्या त्या बैठकांतले काही डाव मला आजही तसेच्या तसे मांडून दाखवता येतील. टेबलावर बदामाचे चार पत्ते आले होते, राजा, नव्वी, छक्की आणि दुर्री, आणि पाचवा होता इस्पिकचा गुलाम. एकाच्या हातात बदामाचा एक्का होता. बाकीचे तीन पत्ते म्हणजे राणी, अठ्ठी आणि चौकी वेगळ्या रंगांचे होते. होल्डेममध्ये हा खेळाडू सर्वांत मोठा फ्लश घेऊन बसला असता. ओमाहामध्ये त्याच्या हातात बदाम एकच असल्यामुळे फ्लश होऊच शकत नाही, आणि त्याचे दोन पत्ते पुढे सरकवून पाहिले तर साधी जोडीसुद्धा निघत नाही. त्याच्याकडे वरचा एक्का, एवढेच उरते. त्याच टेबलावर ज्याच्या हातात बदामाची पंजी आणि तिर्री आहे, तो हातातले हे दोन बदाम आणि टेबलावरचे तीन घेऊन फ्लश दाखवतो आणि डाव जिंकतो.

दुसरा डाव याहून बोधक होता. टेबलावर तीन राजे, एक सत्ती आणि एक चौकी. एकाच्या हातात सत्ती, चौकी, राणी आणि दश्शी. दुसऱ्याच्या हातात दोन दुर्र्या आणि दोन किरकोळ पत्ते. पहिल्याला वाटते की तीन राजे आणि सत्तीची जोडी मिळून आपले फुल हाउस झाले. पण ती जोडी त्याला हातातल्या एका सत्तीने आणि टेबलावरच्या एका सत्तीने बनवायची आहे, आणि तीन राजे घेतले की टेबलाचा वाटा संपला. हातातून त्याला आणखी एक पत्ता द्यावाच लागेल. म्हणून त्याची सर्वोत्तम जुळणी तीन राजे, राणी आणि दश्शी, म्हणजे नुसते तीन एकसारखे. दुसऱ्याच्या क्षुल्लक दिसणाऱ्या दुर्र्या मात्र दोन्ही हातातल्या आहेत. तीन राजांना त्या जोडल्या की पक्के फुल हाउस झाले. या एका डावाने नियमाच्या दोन्ही बाजू एकदम दिसतात: टेबलावरून तीनच, आणि हातातून दोन घ्यायलाच हवेत.

स्ट्रेटच्या बाबतीतही तेच. टेबलावर पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी आणि राजा असताना हातात एकटी नव्वी असून चालत नाही. तिच्या जोडीला दश्शी किंवा या साखळीत बसणारा दुसरा एखादा पत्ता हातातच हवा. हातात एकाच किमतीचे चार पत्ते येणे ही तर ओमाहातल्या फार वाईट सुरुवातींपैकी एक समजली जाते, अगदी ते चार एक्के असले तरी. त्यांतले दोनच वापरता येतात आणि पाचवा एक्का गड्डीत नसल्यामुळे ती जोडी पुढे कधीच तीन एक्क्यांवर जाऊ शकत नाही. तसेच एकाच रंगाचे चार पत्ते हातात आले तर त्या रंगाचे दोन पत्ते विनाकारण अडकून पडतात. फ्लशसाठी टेबलावर येऊ शकणारे पत्ते अकराऐवजी नऊच उरतात.

हे सगळे अवघड का जाते याचे कारण आकड्यांत मांडता येते. चार पत्त्यांतून दोन निवडायच्या रीती 6 आहेत, पाचांतून तीन निवडायच्या रीती 10. म्हणजे रिव्हरनंतर प्रत्येक खेळाडूपुढे 60 वेगवेगळ्या जुळण्या असतात. होल्डेममध्ये सात पत्त्यांतून पाच निवडायच्या रीती 21 होतात. सुरुवातीच्या हातांची संख्या तर 1,326 वरून 2,70,725 वर जाते. साठ जुळण्या कोणी एकेक करून तपासत नाही, म्हणून पाहण्याची दिशाच बदलावी लागते: आधी टेबल वाचायचे, मग हात.

टेबल वाचणे म्हणजे त्या पाच पत्त्यांवर कोणाचीही सर्वांत मोठी जुळणी कोणती असू शकते, हे आपले पत्ते न पाहता ठरवणे. या सर्वोच्च जुळणीला नट्स म्हणतात. ओमाहाचा कडक नियम इथे उलट मदतीला येतो, कारण टेबलावरून तीनच पत्ते घ्यायचे असल्यामुळे काय अशक्य आहे हे निश्चित सांगता येते. टेबलावर एकाच रंगाचे तीन पत्ते नसतील तर फ्लश कोणाकडेच नाही. टेबलावर जोडी नसेल तर फुल हाउस किंवा चार एकसारखे कोणाकडेच नाहीत. आणि सलग पाच किमतींच्या टप्प्यात बसणारे तीन पत्ते नसतील तर स्ट्रेटही नाही. आमच्या गुरुजींनी यासाठी एक सराव दिला होता, जो मी अजूनही करतो. राजा, गुलाम, अठ्ठी, पंजी आणि दुर्री असे पाच पत्ते मांडायचे, कोणत्याही एका रंगाचे दोनपेक्षा जास्त नाहीत असे. इथे नट्स म्हणजे तीन राजे. त्याहून मोठे काही संभवतच नाही. आता अठ्ठी उचलून तिच्या जागी नव्वी ठेवायची. राजा, गुलाम आणि नव्वी हे तिघे पाच किमतींच्या टप्प्यात आले, त्यामुळे हातात राणी आणि दश्शी असणाऱ्याचा स्ट्रेट तीन राजांच्या वर जाऊन बसला. मग दुर्री काढून तिथे आणखी एक नव्वी ठेवायची, आणि टेबलावर जोडी आल्यामुळे सर्वोच्च जुळणी एकदम चार नव्व्यांवर गेली. एकेक पत्ता बदलून टेबलाचे रूप असे पालटताना पाहिले की पुढे खऱ्या डावात टर्न किंवा रिव्हर उलगडताच काय बदलले, हे न शोधता दिसू लागते. ओमाहा शिकणाऱ्या कोणालाही मी बाकी काही करण्याआधी हा सराव सुचवीन.

डोळे एवढे तयार झाल्यावर चिप्स आल्या. ओमाहा बहुतेक ठिकाणी पॉट लिमिट पद्धतीने खेळतात. म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या सगळ्या बोलीत, असेल तेवढीच बोली वाढवता येते. ऐकायला हे सोपे वाटते, पण वाढवणाऱ्याने आधी समोरची बोली भरली असे धरून मग पॉट मोजायचा असतो, आणि नवशिक्यांची गल्लत तिथेच होते. पॉटमध्ये 100 आहेत आणि समोरच्याने 50 लावले, तर पॉट 150 झाला. आपण 50 भरले की तो 200 होतो, आणि आता तेवढेच 200 वाढवता येतात. म्हणून आपल्याकडून जास्तीत जास्त 250 जाऊ शकतात. भर टेबलावर ही गणिते करण्यासाठी एक सोयीची रीत आहे: समोरच्या बोलीची तिप्पट अधिक त्या बोलीआधीचा पॉट. इथे दीडशे अधिक शंभर, अडीचशे. ब्लाइंड 1 आणि 2 असतील तर पहिल्या फेरीत सुरुवात करणारा जास्तीत जास्त 7 लावू शकतो, आणि त्यावर पुढचा 24 पर्यंत जाऊ शकतो. आम्ही हे आकडे तोंडपाठ न करता प्रत्येक वेळी मोठ्याने मोजत असू, आणि माझ्या मते तेच योग्य आहे, कारण पाठ केलेला आकडा मधल्या एखाद्या खेळाडूने नुसती बोली भरताच निरुपयोगी ठरतो. पॉट किती वेगाने फुगतो याचा अंदाजही मोठ्याने मोजल्यामुळेच येतो: पहिल्या फेरीतले साधे सात रिव्हरपर्यंत समोरचा सगळा साठा गिळू शकतात.

कोणते चार पत्ते घेऊन खेळावे हा प्रश्न नियमांच्या पलीकडचा आहे, पण नियमातूनच त्याचे उत्तर निघते. चार पत्त्यांत दोन-दोनच्या सहा जोड्या दडलेल्या असतात, आणि ज्या हातातल्या सहाही जोड्यांना काही अर्थ आहे तो हात चांगला. एक पत्ता उरलेल्या तिघांशी फटकून असेल तर सहांपैकी तीन जोड्या वाया जातात, आणि मग हात कागदावर चार पत्त्यांचा असला तरी खेळायला तो तीन पत्त्यांचाच राहतो. हातात गुलाम, दश्शी, सत्ती आणि छक्की आहेत आणि फ्लॉपवर नव्वी, अठ्ठी आणि दुर्री आली, असे समजा. आता राणी आली तरी स्ट्रेट, गुलाम आला तरी, दश्शी, सत्ती, छक्की किंवा पंजी आली तरी स्ट्रेट. राणी आणि पंजी प्रत्येकी चार, बाकीच्या किमतींचे प्रत्येकी तीन, असे एकूण 20 पत्ते डाव पूर्ण करतात. होल्डेममध्ये दोन्ही टोकांनी उघड्या स्ट्रेटसाठी 8 पत्ते मिळतात. हा फरक पाहिल्यावर ओमाहामध्ये साधारण जुळणीवर शेवटपर्यंत का जिंकता येत नाही हे मला नीट कळले: चार-पाच जण खेळात असतील तर टेबलावर जे काही संभवते ते बहुधा कोणाच्या तरी हातात असतेच. त्या वीस पत्त्यांतलेही सगळे सारखे नाहीत, कारण गुलाम येऊन बनलेला गुलामापर्यंतचा स्ट्रेट सर्वांत मोठा नसतो. राणी आणि दश्शी असलेल्या दुसऱ्या खेळाडूकडे राणीपर्यंतचा स्ट्रेट असतो, आणि त्या गुलामाने टेबलावर एकाच रंगाचे तिसरे पान आले असेल तर कोणाचा तरी फ्लशही पुरा झालेला असू शकतो.

शेवटी आम्ही हाय-लो प्रकाराकडे वळलो, आणि मला स्वतःला या खेळातला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. इथे पॉटचे दोन भाग होतात. अर्धा नेहमीच्या सर्वोच्च जुळणीला आणि अर्धा सर्वांत खालच्या जुळणीला, पण खालच्या जुळणीत अठ्ठी किंवा त्याखालचे पाच वेगवेगळ्या किमतींचे पत्ते असायला हवेत. एक्का इथे सर्वांत लहान धरला जातो, आणि स्ट्रेट किंवा फ्लश झाल्याने खालच्या जुळणीचे काही बिघडत नाही. म्हणून एक्का, दुर्री, तिर्री, चौकी आणि पंजी ही सर्वांत चांगली खालची जुळणी ठरते. तुलना वरच्या पत्त्यापासून करायची: सत्ती, छक्की, पंजी, चौकी, तिर्री ही जुळणी अठ्ठी, चौकी, तिर्री, दुर्री, एक्का या जुळणीला हरवते, कारण सत्ती अठ्ठीपेक्षा लहान आहे. दोन आणि तीनचा नियम दोन्ही भागांना स्वतंत्रपणे लागू होतो, आणि वर व खाली यांसाठी हातातले वेगवेगळे दोन पत्ते घेता येतात. टेबलावर राजा, गुलाम, सत्ती, चौकी, तिर्री आणि हातात एक्का, दुर्री व दोन राजे असतील, तर राजांनी वर तीन राजे आणि एक्का-दुर्रीने खाली सत्तीची जुळणी, असे दोन्हीकडे उभे राहता येते. टेबलावर अठ्ठी किंवा त्याखालच्या तीन वेगवेगळ्या किमती आल्याच नाहीत तर खालची जुळणी कोणाचीही होत नाही, आणि सगळा पॉट वरच्याला जातो.

या प्रकारात टर्नवरचा एक पत्ता सारे कसे उलटवतो ते एका डावात दिसले. फ्लॉपवर चौकी, सत्ती आणि अठ्ठी होती. एकाच्या हातात एक्का-दुर्री आणि दोन मोठे पत्ते, म्हणजे त्या क्षणी खालची सर्वोत्तम जुळणी त्याची. टर्नवर दुर्री आली. त्याच्या दुर्रीची आता टेबलावर जोडी झाली, त्यामुळे त्याची जुळणी अठ्ठी-सत्तीवरच अडकली, आणि एक्का-तिर्री असलेला दुसरा खेळाडू सत्ती, चौकी, तिर्री, दुर्री, एक्का घेऊन त्याच्या पुढे गेला. पहिल्याच्या हातात एक्का आणि दुर्रीबरोबर तिर्रीही असती तर त्याला काहीच धोका नव्हता. म्हणून जाणते लोक नुसत्या एक्का-दुर्रीवर फार विसंबत नाहीत. दुसरे कारण वाटणीचे. तिघांनी प्रत्येकी 40 लावले, पॉट 120 झाला. एकाने वरचा अर्धा, म्हणजे 60, नेला आणि उरलेल्या दोघांची खालची जुळणी अगदी सारखी निघाली, तर त्या प्रत्येकाला 30 मिळतात. खाली याहून चांगले काही शक्य नव्हते, तरीही त्या डावात दोघांचेही दहा-दहा गेले. हे गणित आमच्यासमोर चिप्स प्रत्यक्ष वाटून दाखवले गेले, आणि त्यानंतर बोली लावताना सगळ्यांचाच हात जरा आवरता झाला.

पत्ते दाखवण्याच्या वेळचा एक नियमही इथे सांगितला पाहिजे. पॉटवर हक्क सांगणाऱ्याने चारही पत्ते उघडे टाकायचे, फक्त वापरलेले दोन नाही. तोंडाने काय सांगितले याला महत्त्व नसते. पत्ते जे दाखवतात तेच खरे धरले जाते. ओमाहामध्ये या नियमाची गरज होल्डेमपेक्षा जास्त आहे, कारण आपल्याच चार पत्त्यांत काय दडले आहे हे पुष्कळदा समोरच्याला आधी दिसते. आमच्यापैकी एकाने हाय-लोच्या एका डावात वरची जुळणी सांगून पत्ते टाकले, आणि शेजारच्याने त्याच पत्त्यांतली खालची जुळणीही दाखवून दिली. नियमाप्रमाणे दोन्ही भाग त्याचेच झाले आणि कोणी हरकत घेतली नाही.

या खेळाचा इतिहास मी नंतर वाचला. नाव जरी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या शहराचे असले तरी आजच्या रूपातला खेळ लास वेगासच्या गोल्डन नगेट कॅसिनोत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला रुजला. रॉबर्ट टर्नर यांनी तो तिथल्या पोकरची व्यवस्था पाहणाऱ्या बिल बॉइड यांना दाखवला, आणि आरंभी तो नगेट होल्डेम या नावाने खेळला जाई.

आता आम्ही अधूनमधून पाच पत्त्यांचा ओमाहाही खेळतो. प्रत्येकाला पाच पत्ते मिळतात, हातातल्या जोड्या सहाच्या दहा होतात आणि साठ जुळण्यांच्या शंभर. आठ जण बसले तर हातातले चाळीस, टेबलावरचे पाच आणि बाजूला टाकलेले तीन मिळून 48 पत्ते वापरले जातात आणि गड्डीत चारच उरतात. वापरायचे मात्र तिथेही हातातले दोन आणि टेबलावरचे तीनच. नवा कोणी खेळायला आला की पहिले काही डाव आम्ही अजूनही पत्ते उघडे ठेवूनच खेळतो.